पीक कोमेजलं तर आधी मूळ खणून पाहा

वांगी दुपारी माना टाकत होती आणि सूर्य कलला की पुन्हा ताठ होत होती. आठ वर्षांपूर्वीची, दसऱ्याच्या आधीची गोष्ट. आमचं वावर कळमेश्वर तालुक्यात आहे. दोन एकर भाजीपाला, तीन एकर संत्रा. पूर्वेकडचा कोपरा बरड, म्हणजे हलका मुरमाड, बाकी जमीन मध्यम काळी. कोमेजत होती ती बरडातलीच झाडं, म्हणून मी आधी पाणी वाढवलं. मग युरिया दिला. मग दुकानदाराने मर रोगाची म्हणून आळवणीची बाटली दिली, आठवड्याने झिंक दिलं. तीन आठवडे आणि साडेचार हजार रुपये गेल्यावर मामाजी, म्हणजे माझे सासरे, काठी टेकत धुऱ्यावर (बांधावर) आले आणि म्हणाले, "वरून काय पाह्यतं? मुया पाह्य."

फावड्याने एक झाड मातीसकट काढलं. मुळांना जागोजाग गाठी होत्या, कुठे मोहरीएवढ्या, कुठे आल्याच्या कुडीसारख्या वेड्यावाकड्या. पांढरा जारवा, म्हणजे अन्नपाणी शोषणारी बारीक मुळं, जवळजवळ नव्हताच. माझ्या खताला, पाण्याला वर पोचायला वाटच उरली नव्हती. हे काम सूत्रकृमींचं, म्हणजे मातीत राहून मुळांवर जगणाऱ्या धाग्यासारख्या बारीक कृमींचं. तेव्हापासून आजवर जे शिकले आणि जे करते, ते इथे लिहिते आहे. भाजीवाल्या कास्तकारांसाठी जास्त, संत्रावाल्यांसाठी शेवटी थोडं.

वरून काय दिसतं ते आधी सांगते, कारण शंका तिथूनच येते. सगळं वावर एकसारखं खराब होत नाही. ठिगळं पडतात, आणि ती बहुतेक वेळा हलक्या, वाळूच्या किंवा मुरमाच्या भागात आधी पडतात. दोन-तीन वर्षांत हे ठिगळ वखर ज्या दिशेने चालतो त्या दिशेने लांबत जातं. जमिनीत ओल असूनही दुपारी पानं लोंबतात. पानं पिवळी पडतात, झाड खुजं राहतं, फळ बारीक येतं. नत्राची कमतरता वाटते, पण खत दिलं तरी फरक पडत नाही. पुढच्या हंगामात तिथेच दुसरी भाजी लावली तर तीही रुसते. यातल्या तीन गोष्टी जुळल्या की खणायला घ्या.

खणताना बहुतेक जण बुंधा धरून झाड उपटतात. तसं केलं की बारीक मुळं तुटून मातीत राहतात, आणि गाठी तर त्यांच्यावरच जास्त असतात. आदल्या संध्याकाळी थोडं पाणी द्या. सकाळी बुंध्यापासून वीतभर अंतरावर गोल खणून मातीच्या ढेकळासकट झाड उचला. बादलीभर पाण्यात दहा मिनिटं भिजू द्या, मग हलक्या हाताने हलवून माती सोडवा. मूळ पांढऱ्या कापडावर पसरा आणि उजेडात बघा. सगळ्यात वाळलेलं झाड निवडू नका. मेलेल्या मुळात त्यांना खायला काही उरत नाही, म्हणून तिथे ते कमी सापडतात. ठिगळाच्या कडेचं, अर्धं बरं अर्धं आजारी झाड घ्या. एक झाड चांगल्या भागातलंही काढून शेजारी ठेवा, म्हणजे डोळ्याला फरक कळतो.

इथे एक घोटाळा होतो. आमच्या शेजारच्या काकाजींनी एकदा सोयाबीनचं मूळ आणून घाबऱ्याघाबऱ्या दाखवलं होतं. त्या रायझोबियमच्या गाठी होत्या, नत्र देणाऱ्या, चांगल्या. ओळख सोपी आहे. रायझोबियमची गाठ मुळाच्या अंगाला चिकटलेली असते, नखाने सहज सुटते, आणि फोडली तर आत गुलाबी-लालसर असते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे खुद्द मूळच सुजलेलं असतं. ती सोडवायला गेलात तर मूळच तुटतं. सोयाबीन, तूर, हरभरा, भुईमूग लावणाऱ्यांनी ही तपासणी शिकूनच घ्यावी, नाहीतर भल्या गाठींवर औषध ओतलं जाईल.

शंका उरली तर गाठ सुईने उकला. आत टाचणीच्या डोक्यापेक्षाही लहान, मोत्यासारखा पांढरा, नासपतीच्या आकाराचा दाणा निघतो. ती मादी. गाठीच्या बाहेर तपकिरी चिकट थेंब दिसतो तो अंड्यांचा पुंजका. एका पुंजक्यात तीनशे ते पाचशे अंडी असू शकतात. अंड्यातून निघालेलं पिल्लू जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब, धाग्यासारखं. ते मुळाच्या टोकातून आत शिरतं, एका जागी बसतं, आणि आजूबाजूच्या पेशी फुगवून त्यांतूनच जेवत राहतं. मादी मग तिथून हलत नाही. आपल्याकडच्या उबदार मातीत अंड्यापासून अंड्यापर्यंतचा फेरा साधारण २५ ते ३० दिवसांत होतो. वांगं वावरात सहा-सात महिने उभं राहतं. किती पिढ्या होतात ते तुम्हीच मोजा.

मला सगळ्यात उपयोगी पडलेली माहिती मात्र वेगळीच आहे. हा प्राणी स्वतःच्या बळावर मातीत वर्षाला मीटरभरही सरकत नाही. बाकीचा सगळा प्रवास आपण घडवतो. रोपाच्या मुळाला चिकटून तो येतो, भाड्याच्या ट्रॅक्टरच्या नांगराला लागलेल्या चिखलातून येतो, वरच्या वावरातून वाहून येणाऱ्या पाण्यातून येतो. माझ्याकडे तो आला तो विकतच्या वांग्याच्या रोपांतून, याबद्दल माझी खात्री आहे. त्याच माणसाकडून रोपं घेतलेल्या दुसऱ्या दोघांच्या वावरातही त्याच वर्षी गाठी निघाल्या. त्याला मी गाठी दाखवल्या तेव्हा तो म्हणाला, "रोपं तर हिरवीगार होती." खरंच होती. लहान रोपाच्या पानावर काही दिसत नाही. म्हणून आता मी कुठूनही रोपं घेतली तर प्रत्येक शंभरातली पाच उपटून, धुऊन बघते आणि मगच पैसे देते. एका रोपाला गाठ दिसली तरी सगळा लॉट परत करते.

मर रोगाबद्दलही एवढं सांगते. सूत्रकृमीने भोक पाडलेल्या मुळात फ्युजेरियमसारख्या बुरशीला शिरायला सोपं जातं. दुकानदाराची बाटली अगदीच चुकीच्या रोगाची नव्हती, पण दार उघडं ठेवून आत झाडू मारण्यासारखं ते काम होतं.

आता कुंडीची परीक्षा. सूक्ष्मदर्शक नसेल, प्रयोगशाळा लांब असेल, तर ही घरच्या घरी होते आणि लावणीआधीच कळतं की माती कशी आहे. संशयित भागातली माती सात-आठ ठिकाणांहून घ्या. वरची वाळलेली धूळ बाजूला सारून वीतभर खोलीवरची, ओलसर. उन्हात ठेवू नका, सावलीतच मिसळा. तिचे दोन भाग करा. एक भाग जुन्या घमेल्यात ओला करून, वर झाकण ठेवून चुलीवर अर्धा तास वाफवा आणि पूर्ण गार होऊ द्या. तीन कुंड्यांत कच्ची माती, तीनमध्ये वाफवलेली. सहाही कुंड्यांत ट्रेमध्ये कोकोपीटवर वाढवलेलं टोमॅटोचं एकेक रोप लावा. पुसा रुबीसारखा जुना वाण चांगला, कारण तो सूत्रकृमीला लवकर बळी पडतो. कुंड्या विटांवर ठेवा, एकीचं पाणी दुसरीत जायला नको. पाच-सहा आठवड्यांनी माती सोडवून मुळं धुवा. कच्च्या मातीत गाठी आणि वाफवलेल्यात नाहीत, म्हणजे उत्तर मिळालं. डिसेंबर-जानेवारीत हे करू नका. नागपूरच्या रात्री तेव्हा दहा-बारा अंशांवर येतात, सूत्रकृमी मंदावतात आणि परीक्षा खोटी "पास" होते. मी फेब्रुवारीच्या शेवटी कुंड्या भरते, म्हणजे एप्रिलमध्ये कुठला तुकडा उन्हाळ्यात भाजायचा ते ठरतं.

प्रयोगशाळेत नमुना द्यायचा असेल तर अर्धा किलो माती आणि मूठभर बारीक मुळं एकाच प्लास्टिकच्या पिशवीत घाला, तोंड बांधा आणि त्याच दिवशी पोचवा. गाडीच्या डिक्कीत उन्हात तापलेल्या नमुन्यात सगळे मरतात आणि अहवाल "काही नाही" असा येतो. ही चूक मी एकदा केली आहे. निघण्यापूर्वी फोन करून सूत्रकृमी मोजतात का ते विचारा, कारण माती परीक्षण म्हटलं की बहुतेक ठिकाणी नत्र-स्फुरद-पालाशच तपासतात.

आवरायचं कसं, ते आता. वावरातून ते समूळ जातील ही आशा सोडून द्या. संख्या इतकी खाली ठेवायची की पिकाची मुळं आधी वाढतील.

सुरुवात रोपापासून. मी आता रोपं स्वतः ट्रेमध्ये करते. गादीवाफाच करायचा असेल तर तो उन्हाने भाजून घ्या. आपल्याकडचा मे महिना ४५ अंशांवर जातो, त्या उन्हाचा एवढा तरी उपयोग करावा. वाफा भुसभुशीत आणि सपाट करा, ढेकळं राहू देऊ नका. पाणी देऊन चांगला ओला करा, ओल्या मातीत उष्णता खोल जाते. वर २५ मायक्रॉनचा पारदर्शक प्लास्टिक कागद मातीला चिकटून अंथरा आणि चारही कडा मातीत गाडा. काळा कागद नको, त्याने कागद तापतो, माती तेवढी तापत नाही. चार ते सहा आठवडे हात लावू नका. कागद फाटला तर लगेच चिकटपट्टी लावा. पेरताना खालची माती वर येईल असं खणू नका, भाजलेला थर तेवढाच आहे.

पूर्ण एकरावर कागद परवडत नाही. तिथे खोल नांगरट. एप्रिलपासून पाऊस येईपर्यंत दोन-तीन वेळा, दर वेळी पंधरा दिवसांचं अंतर ठेवून. प्रत्येक पाळीला नवी माती उन्हाला येते, अंडी आणि पिल्लं वाळून मरतात. त्या काळात वावरात कामोणी, रिंगणी, तांदुळजा असं तण उभं राहू देऊ नका. आपण पडीक ठेवलं म्हणतो आणि ते तणाच्या मुळावर जगत राहतात. नांगर भाड्याचा असेल तर धुऱ्यावरच फाळ धुऊन घ्या. ट्रॅक्टरवाला चिडतो. मी पाण्याचा ड्रम आणि झाडू तयारच ठेवते, दहा मिनिटांचं काम आहे.

शेवटचा तोडा झाला की झाडं उभी ठेवू नका. कपाशीच्या फरदडीसारखी वांगी-भेंडी धरून ठेवायची सवय आपल्याकडे आहे, "दोन टोपल्या निघाल्या तर निघाल्या" म्हणून. त्या दोन टोपल्यांसाठी आपण महिनाभर सूत्रकृमी पोसतो. मुळासकट काढा, धुऱ्यावर कडक वाळवा आणि जाळा. गाठीची मुळं उकिरड्यावर टाकली तर शेणखतातून परत वावरात येतात.

फेरपालटाबद्दल गैरसमज मोठा आहे. वांग्यानंतर भेंडी, भेंडीनंतर काकडी, काकडीनंतर टोमॅटो, हा सूत्रकृमीसाठी फेरपालट नाही. या सगळ्यांवर तो मजेत वाढतो, कारल्यावर आणि दुधीवरही. ज्वारीवर फारसा वाढत नाही, तिळावर नाही.

माझा भरवसा झेंडूवर आहे. झेंडूच्या जिवंत मुळांत अल्फा-टर्थिएनिल नावाचं द्रव्य असतं, ते सूत्रकृमीला मारक ठरतं. पण दोन ओळींमध्ये चार झेंडू लावून काही होत नाही. तो सगळा तुकडा झेंडूने दाट भरला पाहिजे आणि तीन महिने तरी उभा राहिला पाहिजे. मध्ये तण वाढलं तर सूत्रकृमी त्याच्यावर टिकतात, म्हणून दोन निंदण चुकवू नका. लहान फुलाचा, बुटका फ्रेंच झेंडू जास्त गुणाचा. बाजारात मात्र मोठ्या फुलाच्या आफ्रिकन झेंडूला भाव असतो, म्हणून मी तोच लावते. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात लावण, दसरा आणि दिवाळीची फुलं सीताबर्डीच्या फूलबाजारात, आणि दिवाळीनंतर त्याच तुकड्यात टोमॅटो. भाजीला भाव पडलेल्या वर्षी तर झेंडूनेच घर चालवलं.

टोमॅटोत सूत्रकृमीला दाद न देणारे वाण आहेत, हिसार ललित त्यांतला एक. पण अशा वाणांतल्या बहुतेकांची ताकद ज्या जनुकामुळे असते, तो माती २८ अंशांच्या वर तापली की ढिला पडतो. म्हणजे आपल्याकडे हे वाण दिवाळीनंतरच्या लावणीला साथ देतील, उन्हाळी टोमॅटोत त्यांच्यावर विसंबू नका. वांग्यात रानवांग्याच्या खुंटावर कलम केलेली रोपं मिळतात. महाग आहेत, पण गाठीच्या तुकड्यासाठी मी ती घेते.

लावणीआधी निंबोळी पेंड एकरी चारशे किलो सरीत मिसळते. पेंडीसोबत जैविक बुरशी देते, पॅसिलोमायसिस किंवा पोकोनिया. या बुरशी सूत्रकृमीच्या अंड्यांवरच जगतात. नुसती पावडर मातीत फेकली तर वाया जाते. एक टन पूर्ण कुजलेल्या शेणखतात दोन किलो पावडर मिसळा, झाडाखाली ढीग करा, वरून पोत्याने झाका, आणि पंधरा दिवस मुठीत दाबली तर गोळा होईल एवढी ओल ठेवा. मध्ये दोनदा खालवर करा. तेवढ्यात बुरशी खतभर पसरते. पाकिटावरची शेवटची तारीख बघा आणि पाकीट उन्हात लटकवलेल्या दुकानातून घेऊ नका.

रासायनिक औषधांचं थोडक्यात. जुने कास्तकार अजून "थिमेट द्या" म्हणतात. त्यातलं फोरेट अतिशय विषारी, आणि २०२० च्या अखेरीपासून आपल्या देशात बंद आहे. कोणी उरलेला डबा काढून दिला तरी भाजीत टाकू नका. आता फ्लुओपायरम, फ्लुएनसल्फोन अशी नवी सूत्रकृमीनाशकं आहेत. ती लावणीच्या वेळी देण्याची आहेत. मुळं गाठींनी भरल्यावर देऊन पैसे बुडतात. लेबलवर आपल्या पिकाचं नाव छापलेलं असेल तरच वापरा आणि तोडणीपूर्वी किती दिवस थांबायचं तेही वाचा. माझ्या वावरातली भाजी नागपूरच्या कॉटन मार्केटात जाते, तिथून कोणाच्या तरी लेकरांच्या ताटात. मला हे महत्त्वाचं वाटतं.

संत्र्याचा सूत्रकृमी वेगळा, आणि तो गाठी करत नाही, म्हणून वर्षानुवर्षं लक्षात येत नाही. १९१३ साली नेथन कॉब यांनी कॅलिफोर्नियातल्या बागांवरून त्याचं वर्णन केलं आणि नाव ठेवलं टायलेंक्युलस सेमीपेनेट्रान्स, म्हणजे अर्धा आत शिरणारा. मादीचं तोंड मुळात असतं आणि मागचा भाग बाहेर. अंड्यांभोवतीच्या चिकट द्रवाला मातीचे कण चिकटतात, त्यामुळे बारीक मुळं धुतली तरी मळकट, जाडसर राहतात. हीच त्याची खूण. झाड एकदम मरत नाही. शेंड्याकडून सल, म्हणजे वाळक्या फांद्या, वाढत जाते, पानं लहान होतात, बहार धरला तरी फळ बारीक राहतं. डिंक्या, म्हणजे बुंध्यातून डिंक गळण्याचा रोग, समजून आपण बुंध्याला पेस्ट लावत बसतो. डिंक्याही असू शकतो, दोन्ही एकाच झाडावर नांदतात, पण बुंधा स्वच्छ असूनही झाड दरसाल मागे जात असेल तर झाडाच्या सावलीच्या कडेला वीतभर खणून जारवा काढा आणि धुऊन बघा.

बागेतही तो कलमांच्या मातीच्या गड्डीतूनच येतो. आपला जंबेरीचा खुंट त्याला सहज बळी पडतो. ट्रायफोलिएट नावाचा खुंट त्याला दाद देत नाही, पण चुनखडीच्या काळ्या जमिनीत तो नीट चालत नाही, आणि आपल्याकडे तशीच जमीन जास्त. म्हणून जमिनीवरच्या पन्हेरीतली (रोपवाटिकेतली) कलमं घेण्यापेक्षा भाजलेल्या मातीत, पिशवीत वाढवलेली घ्या. अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेने अशाच रोपवाटिकेचा आग्रह धरला आहे. कलम थोडं महाग पडतं, पण बाग वीस वर्षं उभी राहायची असते. जुनं झाड मेलं तर त्याच खड्ड्यात नवं संत्र्याचं कलम लगेच लावू नका. हा सूत्रकृमी संत्रा, लिंबू, मोसंबी आणि द्राक्षासारख्या मोजक्याच झाडांवर जगतो, पण मातीत अनेक वर्षं तग धरतो. आम्ही मेलेल्या झाडांची एक पूर्ण ओळ खणून काढली, मुळं वेचून जाळली, आणि तिथे चार वर्षं ज्वारी आणि तूर घेतली. नवी कलमं मागच्या पावसाळ्यात लावली आहेत. मामाजी त्या ओळीकडे रोज सकाळी एक चक्कर मारतात.

आणि एक वही ठेवा. प्रत्येक पिकाचा शेवटचा तोडा झाला की मी वेगवेगळ्या भागांतली वीस झाडं खणते आणि प्रत्येकाला शून्य ते पाच गुण देते. एकही गाठ नाही तर शून्य, एक-दोन गाठींना १, दहापर्यंत २, तीसपर्यंत ३, शंभरपर्यंत ४, त्याच्या वर ५. सोबत कागदावर वावराचा नकाशा काढून त्या जागी आकडा लिहिते. बरडाच्या कोपऱ्यात पहिल्या वर्षी पाचच पाच होते. मागच्या हंगामात वीसपैकी अकरा झाडांना १, सहांना २, आणि तीन झाडांना ३ मिळाले. ती तीन झाडं पाणी वाहून येतं त्या नाल्याच्या बाजूची आहेत. यंदा जुलैत तिथे झेंडू लागेल, आणि त्याआधी, पाऊस सुरू व्हायच्या आत, नाल्याकडचा धुरा फूटभर उंच करायचा आहे.